‘आठवड्याचा मॅप’

शुक्रवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका गेम कंपनीतून फोन आला. त्यांच्या गेममध्ये खेळणारेच मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, बनवतात. एकाने तालीम बनवली होती: हौद्यात लाल माती, कोपऱ्यात गदा, भिंतभर पैलवानाचा फोटो. फोटो कोल्हापुरातल्याच एका फोटोग्राफरचा, आणि त्याची तक्रार ईमेलवर येऊन पडली होती.

“काढला की वकीलसाहेब, डेटाबेसमधनंच उडवला,” प्रोग्रामर म्हणाला.

हीच घाई नडते. कॉपीराइट नियम, 2013 मधला नियम 75 म्हणतो, रीतसर लेखी तक्रार आली की 36 तासांत तो मजकूर लोकांना मिळणं बंद करा, 21 दिवसांसाठी. बंद करा, नष्ट करा असं त्यात कुठंही नाही. मॅपसोबत अपलोडची वेळ आणि खात्याची नोंदही गेली होती. गुरुवार रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. मॅप लपवायचा, उघडणाऱ्याला कारण सांगणारी पाटी दिसली पाहिजे, मूळ फाइल हॅशसह, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासह, वेगळी ठेवायची, सीडीएनची कॅश, म्हणजे फाइल लवकर पोचावी म्हणून ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठवलेल्या प्रती, पुसायची, मग त्याच हॅशने बाकीचे मॅप धुंडाळायचे. शेवटची दोन कामं हमखास राहतात. या तालमीच्या सात नकला निघाल्या. एकात फोटो कडेने कापलेला, त्यामुळे हॅश जुळेना. तो डोळ्यांनीच शोधावा लागला.

इथवर सगळं सावरण्यासारखं होतं. मग बॅनर दिसला.

मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं, की लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइटला जबाबदार धरायला नुसती मोघम शंका पुरत नाही, नेमक्या कृतीची नेमकी माहिती असावी लागते. सॉफ्टवेअरने आपोआप फाइलचं स्वरूप बदललं म्हणून ती माहिती झाली असं होत नाही. पण इथं मार्केटिंगच्या माणसाने स्वतः हा मॅप निवडला, पैलवानाचा फोटो बॅनरच्या मापात कापला आणि वर ‘आठवड्याचा मॅप’ लिहिलं. आयटी कायद्याचं कलम 79 मजकूर निवडणाऱ्याला, बदलणाऱ्याला संरक्षण देत नाही. त्यात मॅप कॉइन देऊन उघडायचा आणि त्यातला वाटा कंपनीचा. “खेळाडूने टाकलंय” हे उत्तर बॅनरला लागू पडत नाही.

“अटींमध्ये जबाबदारी युजरची लिहिलीय,” असं मालक तीनदा म्हणाले. ती अट फोटोग्राफरवर बंधनकारक नाही. आणि तो युजर सतरा वर्षांचा. अज्ञानाशी, म्हणजे अठराच्या खालच्याशी, केलेला करार त्याच्यावर लादता येत नाही.

तक्रारीतही खोट होती. 21 दिवसांत दावा लावून कोर्टाचा आदेश आणीन, ही हमी नव्हती. फोन केला तर फोटोग्राफर सहज बोलून गेले, “तालीम मंडळानं कॅलेंडरसाठी काढून घेतला, पैसे दिलेत की.” म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, उलट करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक मंडळ ठरतं. कागद मात्र कोणाकडेच नाही.

तरीही मॅप लपवलेलाच ठेवला आणि बॅनर उतरवला. तक्रार अपुरी असली तरी आता कंपनीला माहिती नव्हती असं म्हणता येणार नाही, आणि दावा लावायचाच झाला तर त्याच कायद्याच्या कलम 62 मुळे तो दावा लावणारा राहतो तिथे, म्हणजे इथेच, कोल्हापुरात लावता येतो, सर्व्हर कुठेही असो.

आज बारावा दिवस. मंडळ जुन्या वह्यांत पावती शोधतंय. बॅनरसाठी फोटो कापला ती मूळ फाइल मी अजून मार्केटिंगकडे मागतोय.