वजन कोणत्या पायावर आहे?

पुण्यात सकाळी व्यायामाला बाहेर पडणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, सगळीकडे साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे नेमाने दिसतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, ते आमच्या पिढीला शाळेतच घालायला लावले गेले, आणि मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार गुरुजींच्या संस्थेमुळे उभ्या आसनात पाऊल जमिनीवर कसे रोवावे, हेही या शहरातल्या असंख्य लोकांना बारकाईने ठाऊक आहे. हे सर्व मोलाचे आहे आणि त्यातले बरेचसे मी आजही करते. तरीही रोवलेले पाऊल उचलून शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेमके कसे न्यायचे, हा प्रश्न मला यातल्या कशानेच विचारला नव्हता. तो विचारला ताई चीने, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामपद्धतीने. आराम मिळावा, झोप सुधारावी, मान-खांद्यांचा ताठरपणा जावा या अपेक्षेने मी वर्गात नाव घातले होते. त्या अपेक्षा पुष्कळशा पूर्ण झाल्या. पण ताई ची शिकाच असे मी ओळखीच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते, ते वजनाच्या या शिक्षणामुळे.

आमच्या शिक्षिका हालचाल चालू असताना मध्येच सर्वांना थांबवतात. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात आमचा वर्ग भरतो. एकदा ‘ढगांसारखे हात’ ही क्रिया चालली होती. तिच्यात दोन्ही हात छातीसमोर आळीपाळीने वर्तुळे काढतात आणि पाय एकेक पाऊल बाजूला सरकत जातात. मॅडम माझ्या शेजारच्या काकूंपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “थांबा काकू. आता अंग अजिबात न हलवता डावा पाय नुसता उचला बरं.” काकूंनी प्रयत्न केला, पण पाय उचलण्याआधी त्यांचे सगळे शरीर उजवीकडे झुकले. “अहो, मी वजन टाकलंय की उजवीकडे!” त्या म्हणाल्या. “अर्धंच टाकलंय, काकू. कंबर अजून मध्येच आहे. आधी ती उजव्या पायावर पूर्ण येऊ द्या, मग डावा आपोआप मोकळा होईल.” काकूंनी कंबर चार बोटे आणखी सरकवली आणि डावी टाच खरोखरच काही न करता उचलली गेली. मी शेजारून ते पाहत होते. चार बोटांच्या त्या अंतरात काय दडलेले आहे, हे एरवी कोणी समजावून सांगितले असते तरी मला पटले नसते.

चिनी गुरू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी ताई चीची जी दहा तत्त्वे सांगितली, त्यांत भरलेला पाय आणि रिकामा पाय वेगळा ओळखणे हे एक आहे. ज्यावर शरीराचा भार आहे तो भरलेला आणि ज्यावर नाही तो रिकामा. चालताना आपण हे दर पावलाला करत असतो, परंतु वेगात. त्यामुळे वजन पूर्ण पोहोचण्याआधीच मागचा पाय उचलला गेला तरी गती आपल्याला सावरून घेते. वय वाढते, प्रतिक्रिया मंदावते आणि ती सावरासावर जमेनाशी होते. कॅनडातल्या वृद्धांच्या दोन निवासी केंद्रांमधील २२७ पडझडींची कॅमेऱ्यात टिपलेली दृश्ये तपासून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसे पाय अडकून पडतात असा सर्वसाधारण समज असतो; त्या अभ्यासात मात्र सर्वाधिक, म्हणजे ४१ टक्के, पडण्यांचे कारण वजन चुकीच्या रीतीने हलवणे हे होते आणि अडखळणे त्याच्या बरेच मागे होते. घरात कोणी बाथरूममध्ये वळताना किंवा खुर्चीतून उठताना पडले की आपण ओल्या फरशीला दोष देतो. फरशी कोरडी ठेवलीच पाहिजे, पण वळताना पायांचे काय चालले होते हेही पाहायला हवे. ताई ची एवढी सावकाश करतात त्याचे कारण इथेच सापडते. संथ हालचालीत गतीचा आधार मिळत नाही, त्यामुळे वजन कुठे आहे हे लपवता येत नाही. त्या अर्थाने हा संथपणा कष्टाचा आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत मांड्या ते सांगतातच.

इतिहास थोडक्यात सांगते. ही मुळात युद्धकला आहे. हेनान प्रांतातल्या चेन कुटुंबाच्या गावात सतराव्या शतकात ती आकाराला आली, असे मानले जाते. पुढे यांग लुचान यांनी ती तिथे शिकून बीजिंगला नेली आणि त्यांचे नातू म्हणजेच वर उल्लेखलेले यांग चेंगफू यांनी तिला आज दिसते तसे संथ, एकसारखे, मोकळे रूप दिले. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने सर्वसामान्यांसाठी यांग शैलीवर आधारित २४ हालचालींचा छोटा क्रम तयार करवून घेतला, आणि जगभर बहुतेक नवशिके आज तोच शिकतात. आम्हीही तोच शिकलो. पूर्ण क्रमाला पाच-सहा मिनिटे लागतात.

वर्गात आम्ही चीगाँगही करतो, म्हणजे संथ हालचाल, श्वास आणि लक्ष यांची सांगड घालणारे चिनी व्यायाम. त्यांची परंपरा मात्र याहून खूप जुनी आहे. चांगशा शहराजवळच्या मावांगदुई येथे १९७३ मध्ये उत्खननात रेशमी कापडावर रंगवलेला एक चित्रांचा पट सापडला. इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातल्या त्या पटावर ४४ स्त्री-पुरुष हात उंचावून, वाकून, वळून व्यायाम करताना रंगवलेले आहेत. आमच्या वर्गाची सुरुवात ‘बादुआनजिन’ या चीगाँगमधल्या आठ क्रियांच्या क्रमाने होते, आणि कोणी मला विचारले तर मी हेच आधी शिका असे सांगेन, कारण यात पावले फारशी टाकावी लागत नाहीत आणि लक्षात ठेवण्याचा भारही कमी असतो. पहिल्या क्रियेत दोन्ही हातांची बोटे गुंफून तळवे आकाशाकडे उचलायचे. दुसऱ्या क्रियेत घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून डावीकडे आणि उजवीकडे धनुष्य ताणायचे. मग एक हात वर, एक खाली. त्यानंतर पाय जागेवर ठेवून मान वळवून मागे पाहायचे. पाचव्या क्रियेत धड आणि डोके गोलाकार झुलवायचे, सहाव्यात पाठीवरून पायांवरून हात फिरवत खाली वाकायचे, सातव्यात मुठी आवळून डोळे वटारायचे, आणि आठव्यात टाचा उचलून त्या हलक्या धक्क्याने सात वेळा जमिनीवर सोडायच्या.

यातली चौथी क्रिया मला सर्वांत प्रिय आहे. मान वळताना दोन्ही हातांचे तळवे बाहेरच्या बाजूला फिरतात, त्याबरोबर छाती उघडते आणि खांद्याची पाती एकमेकींच्या जवळ येतात. दिवसभर संगणकासमोर किंवा मोबाइलवर वाकून बसणाऱ्या माणसाचे शरीर ज्या आकारात गोठते, त्याच्या नेमका उलटा आकार ही क्रिया देते. माझ्या मानेचा आखडलेपणा प्रामुख्याने हिच्यामुळे सैलावला. परंपरेत प्रत्येक क्रियेचा संबंध पोट, प्लीहा, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवाशी जोडलेला आहे. मी ती भाषा आदराने ऐकते, पण ती मान्य करणे ही सरावाची अट नाही. हात वर गेला, बरगड्यांमधली जागा ताणली गेली, श्वास खोल झाला, एवढे प्रत्येकाला स्वतः अनुभवता येते.

श्वासाबद्दल मुद्दाम लिहायला हवे, कारण आपल्याकडे येणारे बहुतेक जण प्राणायामाची सवय घेऊन येतात. इथे श्वास रोखून धरायचा नसतो, मोजायचाही नसतो. हालचाल संथ आणि खांदे सैल असले की श्वास स्वतःच लांबतो, आणि सुरुवातीला त्याच्याकडे लक्षही देऊ नये असे मॅडम सांगतात. लक्ष नाभीखाली तीन बोटांच्या अंतरावर आणि तळपायांवर ठेवायचे. मन शांत कर असे स्वतःला बजावून ते शांत होत नाही. पण उजवा तळपाय आत्ता भरतो आहे, डावा रिकामा होतो आहे, इतके ठोस काम त्याला मिळाले की ते इतरत्र भटकायचे हळूहळू कमी होते. वर्गानंतर मला जी विश्रांती जाणवते, ती या कामातून येते असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे पार्श्वभूमीला बासरी आणि धबधब्याचे आवाज लावण्याची मला गरज वाटत नाही.

आमच्याबरोबर पार्किन्सन्स असलेले एक काका शिकतात. आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच ते आले, आणि त्यांच्या गोळ्या पूर्वीप्रमाणेच चालू आहेत. अमेरिकेत १९५ पार्किन्सन्स रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल स्नायूंना बळ देणारा व्यायाम किंवा ताणाचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. गुडघ्यांच्या संधिवातावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०४ रुग्णांच्या दुसऱ्या एका प्रयोगात ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा परिणाम जवळपास सारखा आढळला. काकांच्या हातांचा कंप गेलेला नाही, आणि तो जाईल असे त्यांना कोणी सांगितलेलेही नाही. मात्र वळताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते तेव्हा आधी वजन मागे घ्यायचे आणि मग पाऊल टाकायचे, हे ते आता स्वतः करतात, आणि कोणाचा हात न धरता लिफ्टमधून बाहेर येतात.

गुडघ्यांविषयी एक कळकळीची सूचना. भार असलेल्या पायावर पाऊल पिळून वळू नका. २४ हालचालींच्या क्रमात पुढे जाताना वजन आधी मागच्या पायावर घेतले जाते, मग पुढच्या पायाचा चवडा बाहेर वळवला जातो आणि मगच वजन त्यावर येते. व्हिडिओ पाहून शिकताना नेमका हा मधला भाग निसटतो, कारण सगळ्यांचे डोळे हातांवर असतात. गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकावा आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. खूप खाली बसण्याचीही आवश्यकता नाही. उंच उभे राहून केलेली ताई ची पूर्णपणे ताई चीच असते. चक्कर येण्याचा त्रास असेल तर मान फिरवण्याच्या क्रिया भिंतीजवळ उभे राहून कराव्यात.

शिक्षक निवडताना ते तुमच्या पावलांकडे पाहतात का, हे पाहा. पहिल्याच तासाला ऊर्जेने मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचे आश्वासन कोणी दिले, तर तिथून सरळ निघून यावे. अशा आश्वासनांपायी औषधे सोडणाऱ्या माणसांचे फार मोठे नुकसान होते आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

जागेचे म्हणाल, तर बादुआनजिनला एक चटई अंथरण्याएवढी जागा पुरते. २४ हालचालींना आडवी दहा-बारा पावले लागतात, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर बागेत जातो. पावसाळ्यात तिथल्या फरशीवर शेवाळ चढते, तेव्हा वर्ग पुन्हा सभागृहात येतो. पायात पातळ, सपाट तळाचे कापडी बूट असावेत; जाड गादीच्या पळण्याच्या बुटांतून जमीन कळत नाही. आता मॅडमनी आम्हाला जोडीने करायचा सराव शिकवायला घेतला आहे. त्यात समोरच्याच्या मनगटाला आपले मनगट नुसते टेकवून, त्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे स्पर्शातून ओळखायचे असते. काकू यात आमच्या सर्वांच्या पुढे आहेत.