आधी विमान की आधी इंजिन

घरी स्वतःच एका सीटचं छोटं विमान बांधायचं मी ठरवलं. एक जुनं टू-स्ट्रोक इंजिन चांगल्या कंडिशनमध्ये हाती लागलं आणि मी त्याच्या मापाचं विमान शोधत बसलो, त्यात तीन महिने गेले. आता कोणी विचारलं तर मी एकच सांगतो, आधी डिझाइन ठरवा, आणि डिझायनरने जे इंजिन धरून प्लॅन काढलाय त्याच्या आसपासच राहा.

का ते सांगतो. अमेरिकेच्या १९८२ च्या पार्ट १०३ नियमात इंजिनवाल्या अल्ट्रालाइटचं (अगदी हलक्या छोट्या विमानाचं) रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ११५ किलोंपेक्षा कमी लागतं, आणि एका सीटची बरीचशी डिझाइन्स ही मर्यादा डोळ्यासमोर ठेवूनच काढलीयेत. म्हणजे तिथे किलो-किलोचा हिशोब आधीच झालेला असतो. समजा पायलट-पेट्रोलसकट २२० किलोचं विमान आहे आणि तुम्ही १२ किलो जड इंजिन सीजीच्या (विमानाच्या तोलाच्या बिंदूच्या) एक मीटर पुढे लावलं, तर सीजी पाच सेंटिमीटर पुढे सरकतो. मग तो मागे आणायला तीन मीटर मागे शेपटीत चार किलो शिसं बांधा, म्हणजे एकूण १६ किलो वाढले आणि स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, वाढला.

मलाही मोठ्या इंजिनाचा मोह होताच. रोटॅक्स कंपनीचं ४४७ हे इंजिन चाळीस एचपीचं, ५०३ पन्नासच्या आसपास, मग पन्नासचंच का नको? पण सरळ उडताना लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे पाव हिस्सा ताकद वाढवली तरी टॉप स्पीड जेमतेम आठ टक्के वाढतो, ९० चे ९७. चढायला फायदा होतो हे खरं, पण त्यासाठी मला ते वजन वाहायचं नव्हतं.

मनातून आवडलेलं डिझाइन म्हणजे लीगल ईगल. त्याला हाफ व्हीडब्ल्यू बसतं, म्हणजे फोक्सवॅगनचं चार सिलेंडरचं इंजिन अर्धं कापून केलेलं दोन सिलेंडरचं, फोर-स्ट्रोक, आणि प्रॉप (विमान ओढणारा पंखा) थेट क्रँकवर (इंजिनच्या फिरत्या दांड्यावर) त्यामुळे रिडक्शनची, म्हणजे फेरे कमी करणाऱ्या गिअर-पट्ट्याची, भानगड नाही. पण त्याची बॉडी ४१३० स्टीलच्या पातळ नळ्यांची, वेल्डिंग केलेली. मी सरावाला दहा-बारा जॉइंट मारले, वरून सगळे छान दिसत होते, मग एक करवतीने उभा कापला आणि बघतो तर आतल्या कोपऱ्यात धातू वितळून एक झालाच नव्हता. तो तुकडा अजून टेबलावर आहे. ज्या जॉइंटवर आपला जीव टांगलेला असणार तिथे मला शंका नको होती.

म्हणून मिनी-मॅक्स हे डिझाइन घेतलं, लाकडाचं. लाकडाच्या दोन पट्ट्या इपॉक्सीने चिकटवायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या आणि हातोडीने फोडायच्या, तुटताना लाकूड फाटलं आणि चिकटलेली रेघ शाबूत राहिली तर जॉइंट पास. ही परीक्षा मी घरी करू शकतो, प्रत्येक वेळी मिश्रण केलं की करतो.

इंजिन मग प्लॅनमध्ये सांगितलंय तसंच, हलकं टू-स्ट्रोक. भीती आहेच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, मिक्स्चर लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की तापमान चढतं आणि पिस्टन जाम व्हायला फार वेळ लागत नाही, म्हणून ईजीटी (बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान) आणि सीएचटी (सिलेंडरच्या डोक्याचं तापमान) गेजशिवाय मी सुरूच करणार नाही. शिवाय अशा विमानाला वजन कमी आणि हवेचा अडथळा जास्त, इंजिन बंद पडलं की वेग बघता बघता उतरतो, तेव्हा नाक लगेच खाली घालायचं हे हातात मुरायला हवं, आणि ते शिकवणाऱ्याबरोबर बसूनच, बांधकाम चालू असतानाच.

आणि हो, वजन कॅटलॉगमधून घेऊ नका. माझं ते जुनं इंजिन मी सायलेन्सर, रिडक्शन, कार्ब्युरेटर, माउंट सगळं लावून काट्यावर ठेवलं, छापलेल्या आकड्यापेक्षा नऊ किलो जास्त भरलं. ते आता विकून टाकलंय. पंखाच्या सहा रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) तयार आहेत.