प्राजक्ताचं पांढरं: दिवाळी कार्डं, आठवडा तिसरा

बारा कार्डं करायची ठरवली होती, तीन आठवड्यांत धड झालीत चार. ठसा मीच कोरलाय, साध्या पांढऱ्या खोडरबरावर. प्राजक्ताचं एकच फूल, सहा पाकळ्या, भिंगरीसारख्या एका अंगाला वळलेल्या. ठसा झकास उठतो. घोडं अडलं ते रंगात. फूल पांढरं, कागदही पांढरा, मग रंगवायचं काय?

पहिल्या आठवड्यात काळ्या डाय इंकने (विरघळलेल्या रंगाची साधी ठसाशाई) ठसा मारून पाकळ्यांत वॉटरकलरची फिकट राखाडी सावली द्यायला गेले. ब्रश टेकला आणि काळी रेघ पाकळीभर पसरली. चूक माझीच. बहुतेक डाय इंक पाण्याने सुटतात. त्या अल्कोहोल मार्करखाली (स्पिरिटच्या शाईचे रंगीत पेन) टिकतात, म्हणून मार्करवाल्या मैत्रिणी त्या वापरतात. स्टॅझऑनसारख्या सॉल्व्हंट शाईचं बरोबर उलटं: पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोल मार्कर फिरवला की सुटते. शाई कुठली ते आधी रंग कशाने भरणार यावरून ठरवायचं, हे मला माहीत होतं. तरी हाताशी होती ती डबी उचलली.

मग सॉल्व्हंट शाई आणली, रेघ जागची हलली नाही, सावलीही जमली. आईला दाखवलं. ती चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, ‘‘अगं, हा प्राजक्त आहे की तगर?’’ खरंच होतं तिचं. काळ्या रेघेने फुलाला कुंपण घातल्यासारखं झालं होतं. प्राजक्ताला कसली आलीय काळी कड!

तेव्हा रेघच पांढरी करायची आणि मागे रात्र रंगवायची असं ठरवलं. म्हणजे एम्बॉस रेझिस्ट: उठावाची रेघ, जी पाण्याचा रंग अडवते. व्हर्सामार्कच्या चिकट, बिनरंगी शाईने ठसा, त्यावर तापली की वितळणारी पांढरी एम्बॉसिंग पावडर, जास्तीची झटकून परत डबीत आणि वरून हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फुंकणारं यंत्र. हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, त्याची ऊब पुरत नाही आणि वारा पावडर उडवतो. गन एका जागी धरून थांबले की आधी काहीच होत नाही. रेघ पिठीसाखरेसारखी कोरडी दिसत राहते. मग एका टोकाला ओलसर चमक येते आणि ती बघता बघता पाकळीभर धावत जाते. चमक पुढे सरकली की गनही पुढे. अजून थोडं म्हणून तिथेच रेंगाळलात तर पावडर कागदात मुरते आणि रेघ बसकी, मेणचट दिसते. माझी दोन कार्डं अशीच गेली.

यात पावसाळी हवेने वेगळाच छळ मांडला. कागद दमट, बोटं घामट, त्यामुळे पावडर नको तिथेही चिकटायची आणि तापवल्यावर फुलाभोवती पांढरी खरूज उठायची. पावडर अशी चिकटू नये म्हणून आधी कागदावर फिरवायचा अँटी-स्टॅटिक पाऊच विकत मिळतो. मी जुन्या मलमलच्या रुमालात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधली आणि ठसा मारण्याआधी कागदावर हलकेच फिरवली. काम तेच होतं.

आता रात्र. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत बाजूचा. खरखरीत कागदावर ठशाची रेघ मध्येमध्ये तुटते. चारही कडा टेपने पाटीवर चिकटवून, पाकळ्यांच्या आत न जाता बाहेरून इंडिगोचे (गडद निळ्याचे) दोन वॉश, म्हणजे पाणीदार थर, दिले, पहिला पूर्ण वाळू देऊन. एम्बॉस केलेल्या रेघेवर रंगाचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होतात. ते ओले असतानाच टिश्यूने टिपायचे. पाकळ्यांत मात्र कोरा कागद. फक्त बुडाशी, डोळ्याजवळ, पाणीदार इंडिगोची एक पुसट छटा. ती दिल्यावरच पांढरं खरं पांढरं वाटायला लागलं.

केशरी देठाने शेवटी रडवलं. इंडिगोवर थेट केशरी लावलं तर शेणकट तपकिरी झालं. निळा आणि केशरी एकमेकांना मारतात, दुसरं काय होणार? आता देठाच्या जागी आधी पांढऱ्या पोस्टर कलरची बारीक रेघ ओढते आणि ती वाळली की वर केशरी. खाली पडलेल्या फुलांत बरीच पालथी असतात, देठ वर करून. म्हणून प्रत्येक कार्डावर एक-दोन पालथी फुलं ठशाशिवाय, नुसत्या ब्रशने काढली. माझ्या मते सगळ्यात जिवंत तीच दिसतात, ठसा कोरायला चार संध्याकाळी घालवल्या असल्या तरी.

ए-फोर कागदाचे दोन तुकडे, प्रत्येकाला मधून घडी, म्हणजे एका कागदात दोन कार्डं. रंगवलेला तुकडा ९५ बाय १३८ मिलिमीटर कापून दुहेरी टेपने वर लावते. वॉशने कागद वाकतो, तो आधी रात्रभर गादीखाली. आईने तिची गादी दिलीय, पण एका अटीवर: पहिलं कार्ड मावशीला जाणार.