दोन पुस्तकांमधली फट

महिना संपला. वाचलेल्या पुस्तकांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहायची सवय आहे, ती आज मोजली. सुरुवातीला जेवढी होतील असं धरलं होतं, त्याच्या दुपटीहून जास्त भरली. आनंद झालाच, पण नवल जास्त वाटलं. कारण या महिन्यात वेळ काही वाढून मिळाला नव्हता. कामं तीच, झोप तेवढीच आणि फोनही तसाच हातात.

नावांपुढे तारखा असतात, एक सुरू केल्याची आणि एक संपवल्याची. मागच्या महिन्यांची पानं उलटून पाहिली तर उत्तर तिथेच होतं. एक पुस्तक वाचायला लागणारे दिवस तेव्हाही साधारण एवढेच होते. फरक आहे तो एक संपल्याच्या आणि दुसरं सुरू केल्याच्या तारखेत. तिथे कधी आठवडा गेलाय, कधी त्याहूनही जास्त. त्या दिवसांत मी काय करत होते? तर ‘आता काय वाचू’ हा विचार. कपाटापुढे उभं राहायचं, दोन-तीन पुस्तकं काढायची, मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा, एकही मनात भरत नाही म्हणून परत ठेवायची आणि दिवस संपला म्हणायचं. मला वाचायला वेळ मिळत नाही, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. वेळ वाचनात जातच नव्हता, तो निवडण्यात जात होता.

या महिन्यात न ठरवताच एक गोष्ट होत गेली. हातातल्या पुस्तकाची तीस-चाळीस पानं उरली की पुढचं काढून उशाशी ठेवायचं आणि त्याची पहिली काही पानं लगेच वाचून टाकायची. पहिली पानंच खरी जड असतात. कोण कुणाचा कोण, काळ कुठला, लेखकाच्या वाक्याची चाल कशी, हे सगळं तिथे अंगवळणी पडावं लागतं. तेवढं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी पुस्तक आपणहून हाताला येतं.

नंतर उगाच गणित मांडून बसले. २०१९ मध्ये मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने वाचनाच्या वेगावरच्या १९० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. मनातल्या मनात इंग्रजी कथा-कादंबरी वाचणाऱ्या प्रौढ माणसाचा सरासरी वेग त्यात मिनिटाला २६० शब्द निघाला, इतर गद्यासाठी २३८. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांबतात. म्हणून मी सरळ २०० धरला. दोनशे पानांचं पुस्तक, पानावर अडीचशे शब्द, म्हणजे पन्नास हजार शब्द. चार तास दहा मिनिटं! रोज अर्धा तास वाचलं तरी नवव्या दिवशी पुस्तक हातावेगळं. माझा या हिशोबावर विश्वासच बसेना, दोनदा करून पाहिला.

इथपर्यंत छान. पण फट बुजवली त्याची किंमतही मोजली.

‘रणांगण’ या महिन्यात वाचलं. विश्राम बेडेकरांची ही १९३९ची कादंबरी अगदी लहान आहे. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, युद्ध तोंडावर आलेलं, आणि त्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा. रात्री उशिरा संपलं. नव्या सवयीप्रमाणे उशाशी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तयार होतंच, आधीची काही पानं वाचलेलीही होती. उघडलं आणि लक्ष्मीबाईंनी हा हा म्हणता ओढून नेलं. स्वतःच्या हालअपेष्टा ही बाई अशी सांगते की आपण हसून जातो आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. पुस्तक अप्रतिमच. पण त्या रात्री ते तिथे नको होतं. हॅर्टाला माझ्याजवळ राहायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. आज यादीत ‘रणांगण’ वाचताना जाणवलं की गोष्ट सगळी आठवते, पण ते संपलं तेव्हा मला काय वाटलं होतं ते आठवत नाही. कारण वाटायच्या आधीच दुसरा आवाज सुरू झाला होता.

म्हणजे ती फट सगळीच वाया जात नव्हती तर. आठवडाभर कपाटापुढे घुटमळणं हा आळस होता हे मान्य, पण एखादं पुस्तक संपल्यावर दुसरं घ्यावंसं न वाटणं हा आळस नव्हे. सगळ्याच पुस्तकांना ही सोय द्यायची गरज नाही. या महिन्यातल्या दोन रहस्यकथा अशा होत्या की खुनी सापडल्यावर पाच मिनिटांत मी पुढच्या पुस्तकात होते, आणि त्यात काही बिघडलं नाही. एक जाडजूड चरित्र तर अर्ध्यातच सोडलं, ते यादीत धरलेलंही नाही.

यादीत नाही असं आणखी एक आहे, ते मात्र सोडलेलं नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. बारा महिन्यांवर बारा लेख. या महिन्याच्या वेगाने ते दोन बैठकांत झालं असतं. चैत्राचा लेख वाचला आणि पुढे वैशाखाकडे जाईना. त्यातल्या फुलांचे, पालवीचे रंग एकदा डोळ्यांनी शोधल्याशिवाय पुढचा महिना वाचण्यात मजा नाही असं वाटलं. हे पुस्तक यादीत यायला वर्ष लागेल, लागू दे.

पुढच्या महिन्यासाठी उशाशी दोन पुस्तकं काढून ठेवली आहेत. ‘स्मृतिचित्रे’ची मोजकी पानं उरली आहेत, पण त्या दोन्हींतलं एकही उघडलेलं नाही. लक्ष्मीबाईंच्या पाठोपाठ लगेच कुणाला आणायचं नाही, निदान दोन रात्री तरी. रहस्यकथा असती तर गोष्ट वेगळी.