तिघांचे पाच स्टार आणि एकशेनव्वद जणांचे ४.४

आमची साताऱ्याची होमस्टे बुकिंगची साइट आहे, आणि सप्टेंबरातला सोमवार म्हणजे आमच्याकडे तक्रारींचा वार. शनिवार-रविवारी कास पठारावर फुलं बघायला पुण्या-मुंबईची गर्दी होऊन जाते, माणसं घरी पोचून रेटिंग देतात आणि सोमवारी सकाळी होमस्टेवाले आपण यादीत कितवे आहोत ते बघून फोन लावतात. त्या सोमवारी मात्र यवतेश्वरच्या वर, कास रस्त्याला होमस्टे असलेले एक काका थेट पोवई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसातच आले. खुर्चीत बसायच्या आधी मोबाइल टेबलावर ठेवला.

"ताई, ही काय भानगड हाय? माझं एकशेनव्वद जणांनी लिवलंय. ह्या नव्या पोराचं तिघांनी. आन त्यो वर, मी खाली?"

यादी तशीच होती. पहिल्या जागी नवा होमस्टे, ५.०, रिव्ह्यू तीन. दुसऱ्या जागी बामणोलीकडचा, शिवसागर जलाशयाच्या काठावरचा, ४.५, रिव्ह्यू १६०. तिसरे काका, ४.४, रिव्ह्यू १९०. आमचा नियम एका ओळीचा होता: ज्याची सरासरी मोठी तो वर. साइट सुरू झाली तेव्हा कुणीतरी घाईत लिहिलेली ती ओळ कुणी पुन्हा उघडलीच नव्हती.

अशा यादीचं एक लक्षण ठरलेलं असतं. पाचपेक्षा कमी रिव्ह्यू असलेली ठिकाणं वरच्या टोकालाही दिसतात आणि तळालाही. ती फार चांगली किंवा फार वाईट असतात असं नाही. तीन नाणी उडवली तर तिन्ही छापे सहज पडतात, एकशेनव्वद उडवून सगळे छापे पडत नाहीत, एवढंच. त्या तीन रिव्ह्यूंपैकी दोन आडनावं मालकाच्या भावकीतली दिसत होती, पण बुकिंग खरी होती, पैसे भरलेले होते, आणि भावकीनं राहू नये असा काही नियम नाही. ते रिव्ह्यू आम्ही काढले नाहीत. हिशोब नीट असेल तर तीन रिव्ह्यूंनी फारसं काही हलत नाही.

शेजारच्या टेबलावरून सूचना आली की दहापेक्षा कमी रिव्ह्यूवाल्यांना यादीतच घ्यायचं नाही. ही सूचना सगळ्यांना पहिल्यांदा सुचते आणि ती वाईट आहे. नवं ठिकाण यादीत नसेल तर तिथं कोण जाणार, आणि दहा रिव्ह्यू येणार कुठून? शिवाय नववा रिव्ह्यू येईपर्यंत ठिकाण गायब आणि दहावा आला की एकदम पहिलं, अशी उडी बसते.

त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणाच्या खात्यात सुरुवातीला काही काल्पनिक, सर्वसाधारण रिव्ह्यू जमा धरायचे. आमच्या साइटची एकूण सरासरी ४.१. प्रत्येकाला ४.१ चे २० रिव्ह्यू आधीच मिळालेत असं मानलं. नव्या होमस्टेचा हिशोब: २० गुणिले ४.१ म्हणजे ८२, त्यात तीन पाचांचे १५, झाले ९७, भागिले २३, उत्तर ४.२२. काकांचा हिशोब: ८२ अधिक ८३६, म्हणजे ९१८, भागिले २१०, उत्तर ४.३७. नव्या पोराला काकांच्या वर जायचं तर सलग नऊ जणांनी पाच द्यायला हवेत. मला हे रास्त वाटतं. आयएमडीबी या चित्रपटांच्या रेटिंगच्या साइटवरच्या टॉप २५० यादीमागेही हीच कल्पना आहे. फक्त तिथं आमच्या २०च्या जागी २५,००० मतांचा आकडा आहे.

आता २०च का, ४० का नाही? हा आकडा हवेतून काढू नये. एकाच ठिकाणाला मिळालेले स्टार आपापसात किती पसरलेत त्याचं प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स, आमच्याकडे साधारण १.२ येत होतं. ठिकाणाठिकाणांच्या सरासऱ्यांमधलं खरं प्रचरण ०.०६. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की २०. दुसरा आकडा काढताना चूक होते ती अशी: ठिकाणांच्या सरासऱ्या तशाच घेऊन प्रचरण काढलं, तर कमी रिव्ह्यूमुळे येणारा गोंधळही त्यात मोजला जातो. आकडा फुगतो, भागाकार लहान येतो आणि तिघांचं वजन पुन्हा वाढतं. तो गोंधळ आधी वजा करावा लागतो.

स्टार नसून नुसतं आवडलं-नावडलं असेल तर एडविन विल्सन यांचं १९२७ सालचं सूत्र वापरतात. त्यात टक्केवारी न घेता तिची खालची हद्द घेतात, म्हणजे एवढ्या मतांवरून खरी टक्केवारी निदान किती धरता येईल तो आकडा. तीनपैकी तीन जणांना आवडलं तर टक्केवारी १००, पण ९५ टक्के खात्रीची खालची हद्द ४४. १९० पैकी १७१ जणांना आवडलं तर टक्केवारी ९०, खालची हद्द ८५. आमच्याकडे स्टार असल्यानं ते वापरलं नाही. खरं तर नव्या ठिकाणांना ते जरा निष्ठुरच पडतं.

काका दुसऱ्यावर आले. चहा झाला. पण निघेनात.

"आन बामनोलीवाला? त्याच्याकडं आठवडाभर कंपनीची मानसं येत्यात, निवांत. माझ्याकडं शनवार-रविवारची झुंबड. घाटातच दोन तास तटलेली मानसं चिडूनच दारात येत्यात."

हे म्हणणं तपासण्यासारखं होतं. शुक्रवार-शनिवारी चेक-इन केलेले एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे अशी विभागणी केली. पहिल्या खेपेला काहीच फरक दिसला नाही, कारण मी रिव्ह्यू लिहिल्याची तारीख धरली होती. शनिवारी राहून गेलेला माणूस रिव्ह्यू लिहितो सोमवारी-मंगळवारी, त्यामुळे गर्दीतले चिडके रिव्ह्यू सगळे आडवारांत जाऊन बसले होते. बुकिंगमधली चेक-इनची तारीख जोडली आणि चित्र फिरलं.

काकांचे १५० रिव्ह्यू शनिवार-रविवारचे, सरासरी ४.३२, आडवारचे ४०, सरासरी ४.७. बामणोलीचे शनिवार-रविवारचे फक्त ४०, सरासरी ४.२, आडवारचे १२०, सरासरी ४.६. म्हणजे गर्दीच्या दिवशी काका पुढे, निवांत दिवशीही काका पुढे, आणि एकत्र केलं की काका मागे. बेरजेत कुठंही चूक नाही. बामणोलीचे तीन चतुर्थांश रिव्ह्यू सोप्या दिवसांचे आणि काकांचे जवळजवळ तेवढेच अवघड दिवसांचे, म्हणून एकत्र सरासरी उलटी पडली. सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात तो हाच. पुस्तकात कितीदा वाचलेला, पण माणूस समोर बसलेला असताना पडद्यावर दिसला की दोनदा बेरीज करून बघावी लागते.

उपाय असा की दोघांना एकाच मापानं मोजायचं. आमच्या साइटवरचे एकूण ६० टक्के रिव्ह्यू शनिवार-रविवारच्या मुक्कामांचे, ४० टक्के आडवारचे. प्रत्येकाच्या दोन सरासऱ्यांना हेच वजन द्यायचं. पण आधी वीस काल्पनिक रिव्ह्यू दोन्ही कप्प्यांत वेगवेगळे मिसळायचे: शनिवार-रविवारच्या कप्प्यात साइटची त्या दिवसांची सरासरी ३.९, आडवारच्या कप्प्यात ४.४. एकाच ४.१ नं दोन्हीकडे भरलं तर आडवारचे फार खाली ओढले जातात आणि गर्दीचे फुकटचे वर येतात. असं केल्यावर काका ४.४०, बामणोली ४.२९, आणि नवा होमस्टे ४.१३, कारण त्याच्याकडे शनिवार-रविवारचा एकही रिव्ह्यू नव्हता आणि तो कप्पा नुसत्या साइटच्या सरासरीवर चालला.

पानावर काय दाखवायचं यावर मात्र दुपारभर वाद झाला. क्रम सुधारलेल्या आकड्यानं लावला आणि स्टार कच्च्या सरासरीचे दाखवले, तर ४.४ वर आणि ४.५ खाली दिसणार. लोकांना वाटणार साइट पैसे खाते. शेवटी ताऱ्यांशेजारी रिव्ह्यूंची संख्या ठळक केली, शनिवार-रविवार आणि आडवार अशा दोन सरासऱ्या वेगळ्या छापल्या, आणि क्रम कसा लागतो ते चार ओळींत लिहिलं. रिव्ह्यू कुणाकडून कसे घ्यावेत, कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ पासून आहे. क्रमाचा हिशोब उघड सांगण्याला तरी कुणाची हरकत नसावी.

एक शंका मलाच होती. गर्दीच्या दिवशी सेवा घसरत असेल तर त्याची सूट मालकाला का द्यायची? पण ही सूट नाहीच. काकांच्या शनिवारची तुलना बामणोलीच्या शनिवारशीच होते, आणि स्वतःच्या चुकीचे स्टार त्यात तसेच राहतात. त्या चुका कोणत्या हे बघायला काकांचे शनिवार-रविवारचे एक-दोन स्टारवाले एकवीस रिव्ह्यू वाचून काढले. आठांत रस्ता, पार्किंग आणि फुलं. एकानं तर पठारावर फुलं कमी होती म्हणून होमस्टेला एक स्टार दिला होता. चारांत जेवणाला उशीर. नवांत एकच तक्रार: सकाळी गरम पाणी नाही. आडवारच्या रिव्ह्यूंत ती एकदाही नव्हती.

"काका, गरम पाण्याची सोय काय आहे?"

"सोलर हाय की. दोनशे लिटरचा."

"आणि खोल्या भरल्या की माणसं किती?"

"अठरा."

दोनशे भागिले अठरा, म्हणजे माणशी अकरा लिटर. एक बादलीही पुरी भरत नाही, आणि सप्टेंबरात कासला ढग असले की तेवढंही तापत नाही. काकांनी कॅल्क्युलेटरकडे बघितलं, मग एकवीस रिव्ह्यूंच्या कागदाकडे.

"म्हंजी परसातला बंब काढावा लागतोय," म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.