ग्रुपवर आलंय बघ

दुपारी अडीचच्या सुमाराला, डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी ठेवलेला फोन थरथरायला लागतो. एकदा नाही, थांबून थांबून बराच वेळ. मग कळतं की दुसरी ‘ब’च्या मॅडमनी फोटो टाकायला घेतलेत.

ताईने मला तिच्या लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर घालून ठेवलंय, कारण ओवीची रिक्षा माझ्या दारात थांबते आणि ताई ऑफिसातून येईपर्यंत ओवी माझ्याकडे असते. ग्रुपचं नाव ‘दुसरी ब पालक’. मी पालक नाही, मावशी आहे, पण तिथे एवढी काटेकोर चौकशी कुणी करत नाही. दोन आजोबा आहेत, एक आत्या आहे, आणि मुलाने शाळा बदलली तरी ग्रुप न सोडलेले एक गृहस्थ आहेत. अभिनंदन सगळ्यात आधी तेच करतात.

आज पानांचे आकार. मुलं अर्धगोलात बसलीयत, मध्ये पिंपळ, जास्वंद, आंबा, कडुनिंब. खाली ओळ : ‘आज परिसरातील पानांचे निरीक्षण हा उपक्रम घेण्यात आला.’ फोटो आला की आम्ही सगळे एकच गोष्ट करतो. दोन बोटांनी तो मोठा करतो आणि आपलं पोर शोधतो. ते सापडलं की पानं गेली, आकार गेले, उपक्रमही गेला. दप्तराची चेन उघडी का आहे? सकाळी घातलेली वेणी कुठे गेली? ओवी बहुतेक फोटोंत कोपरापुरतीच असते. ते कोपर तिचंच आहे हे मी पैजेवर सांगू शकते, त्यावर खरपुडी आहे.

मग उत्तरं सुरू होतात. ‘खूप छान मॅडम.’ ‘स्तुत्य उपक्रम.’ जोडलेले हात, फुलं, पुन्हा जोडलेले हात. त्या पुरात मॅडमची उद्याची सूचना वर कुठे तरी वाहून गेलेली असते, आणि रात्री साडेदहाला कोणाची तरी आई विचारते, ‘उद्या युनिफॉर्म का रंगीत ड्रेस?’ तिला तिघीजणी उत्तर देतात. त्यातली दोन उत्तरं जुळत नाहीत.

मॅडमना मी बोल लावत नाही. हे फोटो सगळेच काही आमच्यासाठी नसतात हे मला ठाऊक आहे. शिक्षकांना हल्ली प्रत्येक गोष्टीचा पुरावा वर पाठवावा लागतो. झाड लावलं, फोटो. दिन साजरा केला, फोटो. पोषण आहार शिजला, किती मुलं जेवली त्याची नोंद रोजच्या रोज ॲपमध्ये. ‘लिंक भरा’ हे दोन शब्द ऐकले की ओळखीतल्या शिक्षकांचे चेहरे कसे होतात ते बघण्यासारखं असतं. तेव्हा एकदा काढलेला फोटो साहेबांकडे जातो आणि जाता जाता आमच्याकडेही येतो.

माझा एक हट्ट आहे. ओवी जिना चढून येऊन काही सांगेपर्यंत तो ग्रुप मी उघडायचा नाही. ताईच्या मते हा नुसता विक्षिप्तपणा. ‘ग्रुपवर आलंय बघ, मग तिला कशाला छळतेस, आज काय झालं, आज काय झालं?’ बरोबर आहे तिचं. पण आधी बघून ठेवलं की मी विचारते, ‘आज पानं बघितलीत ना?’ आणि ओवी म्हणते, ‘हो.’ संपलं. पुढे विचारायला काही उरत नाही आणि तिला सांगायलाही.

न बघता थांबलं तर? तर कळतं की वर्गात एकाने उलटी केली, शाळेतल्या मावशींनी त्यावर माती टाकली, त्या मातीत मुंगळे होते आणि म्हणून पाचवा तास झालाच नाही. कळतं की कडुनिंबाचं पान मॅडमनी चाखायला दिलं आणि एकीने ते चावून खाल्लं, कारण तिच्या घरी पाडव्याला खातात. शाळेच्या फळ्यावर, पत्रकात, ग्रुपवर यातलं काहीही कधी येणार नाही. तशी अपेक्षाही नाही. शाळेने मुंगळ्यांचं निवेदन काढायचं म्हटलं तर मुख्याध्यापकांची सही कुठे घ्यायची?

माण तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा दोन गुरुजींची. चार वर्ग, दोन खोल्या, एक व्हरांडा. गुरुजी गावातच भाड्याच्या खोलीत राहायचे, त्यामुळे पालकसभा वेगळी भरवायची गरजच पडत नसे. ती दर आठवड्याला बाजारात भरायची. वांग्यांच्या ढिगाशी वडील आणि गुरुजी समोरासमोर आले की वडील पिशवी खाली ठेवायचे.

‘गुरुजी, पोरगी कशी हाय आमची?’

‘हिशोबाला चांगली आहे. पण पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघते.’

‘बाहीर काय हाय?’

‘काही नाही. माळ आहे.’

तेवढ्यात वांगीवाली मान वर करायची. ‘माझा बी तसलाच हाय गुरुजी, त्याला जरा म्होरं बसवा.’ आणि गुरुजी पाव किलो वांग्यांबरोबर तिच्या मुलाचंही प्रगतिपुस्तक तिथल्या तिथे सांगून टाकायचे. वडील घरी पोचायच्या आत मी माळाकडे बघते ही बातमी आईला दोन दिशांनी कळलेली असे. गोपनीयता वगैरे काही नव्हतं. सगळ्या बाजाराला सगळ्यांच्या पोरांचं माहीत.

आता त्या शाळेतले शिक्षक तालुक्याहून मोटरसायकलवर येतात-जातात. गावात त्यावर कुरकुर असते, मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहायला हवं म्हणून. त्यांचीही मुलं तालुक्याच्या शाळेत असतात आणि गावात भाड्याने घ्यावी अशी खोली मिळत नाही, हे कुरकुरणाऱ्यांनाही माहीत आहे. बाजार अजून भरतो. साडेपाचला शाळा सुटली की शिक्षक त्याच्या कडेकडेने हॉर्न वाजवत निघून जातात.

लेखी कळवायचं तर टपाल आमच्याच हातात असायचं. तिसरी-चौथीला गुरुजी फळ्यावर लिहीत : ‘मा. पालक, स. न. वि. वि. उद्या सकाळी १० वाजता शाळेत सभा आहे. तरी उपस्थित राहावे ही विनंती.’ आणि आम्ही ते पाटीवर उतरवून घेत असू. म्हणजे स्वतःच्याच आई-बापाला आम्ही स. न. वि. वि. लिहायचो. घरी जाईपर्यंत पाटी काखेत पुसली जायची, त्यामुळे कोणाच्या घरी सभा पोचायची तर वेळ नाही, कोणाच्या घरी नुसतीच विनंती. पहिली-दुसरीला सगळं तोंडी. त्यात काय काय व्हायचं ते विचारू नका. एकदा टोचायला डॉक्टर येणार होते. घरी सांगा, पोरांना खाऊन-पिऊन पाठवा, असं गुरुजींनी तीन-तीनदा बजावलं. आमच्यातल्या एकाने घरी सांगितलं, उद्या सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने त्याला करडांमागे पाठवला, आणि गुरुजी त्याला शोधत माळावर गेले. डॉक्टरसुद्धा मागून.

प्रगतिपुस्तक मात्र पोचायचंच. त्यावर सही लागायची. पिवळट जाड कागद, चाचणी, सहामाही, वार्षिक असे रकाने, आणि शेवटी ‘वर्तणूक’, ज्याच्यापुढे अख्ख्या वर्गाला ‘चांगली’. शेजारच्या काकूंना लिहिता येत नव्हतं आणि काका मुंबईला गिरणीत. स्टॅम्प पॅड कोणाच्या घरी असणार? काकू काजळाच्या डबीत अंगठा बुडवायच्या आणि रकान्यात दाबायच्या. काजळच ते, पसरायचं. सहामाहीच्या भूगोलाचे गुण त्याखाली कायमचे गेले. पुस्तक परत गेल्यावर गुरुजी त्या काळ्या डागाकडे बघायचे आणि बाकीच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवून द्यायचे. तेव्हा मला त्या अंगठ्याचा हेवा वाटायचा. आमच्या वडिलांची सही अगदीच साधी होती.

आणि मग १ मे. सकाळी झेंडावंदन, महाराष्ट्र दिनाचं भाषण, आणि त्यानंतर खरी गोष्ट. निकाल हातात पडला की वाचायला कोणी थांबत नसे. ‘पास! पास!’ ओरडत सगळा लोंढा वेशीपर्यंत. घराघरात त्या ओरडण्यावरूनच कळायचं, आणि ज्याच्या दारावरून आवाज आला नाही त्याच्या घरीही कळायचं.

पुण्यात १८५० च्या दशकात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा अशाच लोकांसमोर होत, आणि त्या बघायला गर्दी लोटायची. मुली शिकतात म्हणजे नेमकं काय करतात, हे डोळ्यांनी बघायला शहर जमायचं, त्यांत न पटणारेही असतील. पालकांना आणि न-पालकांना एकदमच कळवायचा हा प्रकार मला फार आवडतो. मात्र ओवीला अशा परीक्षेला उभं केलं तर ती खिडकीबाहेर बघेल. घराण्यातच आहे.

गुण नंतर गेले. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, टक्क्यांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ आलं, आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत नोंद लिहायची असं ठरलं. कल्पना उत्तम. पण चाळीस मुलं, प्रत्येकाचे आठ-आठ विषय. लवकरच तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या फिरायला लागल्या. ‘मजकूर समजपूर्वक वाचते.’ ‘गटकार्यात सहभाग घेते.’ ‘परिसर स्वच्छ ठेवते.’ यादीतून घ्या, रकान्यात घाला. ताईच्या सासऱ्यांनी ओवीचं पहिलीचं पत्रक बघून एवढंच विचारलं, ‘अ-१ म्हणजे किती टक्के?’ एक्क्याण्णवच्या वर, असं सांगितल्यावर त्यांचा चष्मा निघाला, मिटला, खिशात गेला. आता समग्र प्रगतिपत्रक येतंय, त्यात म्हणे मुलाने स्वतःविषयी, मित्राने मित्राविषयी आणि पालकांनीही भरायचं. ताई ते रिक्षात बसून भरेल, मला माहीत आहे.

शिक्षण हक्क कायद्याने तर पालकांना थेट कारभारात बसवलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत, आणि एकूण समितीत निम्म्या बायका. आमच्या गावच्या शाळेत दाराशेजारी ऑइलपेंटने नावांची यादी रंगवलेली आहे. त्यातल्या एक बाई माझ्या वर्गातल्या. सभेचं विचारलं तर म्हणाल्या, ‘वही घरी येती की सहीला.’ खुरपणीच्या दिवसांत सभेला जायचं कोणी, असाही त्यांचा उलटा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं, म्हणजे फोटो, कोपर, मुंगळे आणि माझा हट्ट, मी परवा फोनवर एका मैत्रिणीला ऐकवलं. ती बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळेने घरी इतकं कळवत बसू नये, पोरांनाच सांगू द्यावं, असं मी बऱ्याच आवेशाने म्हणाले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आमच्याकडे दिवाळी झाली की घरी असतं कोण?’

तिच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आई-बाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी ट्रकमध्ये बसते, कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. फोन मात्र बापाबरोबर फडात. म्हणून ही बाई रोज शाळा सुटताना दोन-तीन मुलांना जवळ घेते आणि फोनसमोर वाचायला लावते. धडा, पाढा, जे त्या दिवशी चाललं असेल ते, आणि वाचून झालं की घरचं काही सांगायचं असेल तर ते. फोटो ती टाकत नाही, फडात रेंज नसते आणि नेटही पुरत नाही. आवाज जातो. रात्री कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, परतल्यावर ते ऐकतात. एक मुलगी पाढा संपल्यावर दर वेळी म्हणते, ‘आई, शेळी बरी हाय.’

‘उत्तर येतं का त्यांचं?’ मी विचारलं.

‘बहुतेकांचा अंगठा येतो. निळा नाही, तो पिवळा.’

मी हट्टाविषयी पुढे काही बोलले नाही. पालकसभा कधी घेता, एवढं विचारलं. दिवाळीच्या आत उरकतो, ती म्हणाली, आणि नंतर घ्यायचीच झाली तर आज्यांची.