ताई भाऊबीजेला गावी जातात तेव्हा

धनत्रयोदशीला सकाळी साडेआठला ओल्या कचऱ्याची बादली रिकामी करता करता ताई म्हणाल्या, "काकू, लक्ष्मीपूजनाच्या सकाळचा कचरा उचलते अन् दुपारच्या गाडीनं निघते. पाडवा, भाऊबीज अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही मी. बदली कुणी मिळंना."

बदली मिळणार तरी कशी? त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्याजणींच्या घरी दिवाळीच असते. ताईंचं माहेर सोलापूरकडे, दोन भाऊ आहेत. वर्षातून एकदा त्या ओवाळायला जातात.

"निवांत जा. आम्ही सांभाळतो," मी म्हटलं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मी असं म्हणत नव्हते. त्या वर्षी दिवाळी संपल्यावर मी सुक्या कचऱ्याची पिशवी दाबून दाबून भरली होती आणि त्यात मुलांच्या जळलेल्या फुलबाज्यांच्या तारा तशाच टाकल्या होत्या. ताईंनी पिशवीत हात घातला आणि एक तार अंगठ्याच्या खाली तळहातात घुसली. त्यांनी चिंधी बांधली आणि पुढच्या जिन्याकडे निघाल्या. मी आग्रह करून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नंतर आठवडाभर त्या डाव्या हाताने ढकलगाडी ओढत होत्या आणि रोज ते बघताना मला आतून तुटत होतं. ती तार माझ्या घरातली होती. तेव्हापासून आमच्या घरी फुलबाज्यांच्या तारांना दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा आहे. फुलबाजी विझली की आधी पाण्याच्या बादलीत, सकाळी पुसून डब्यात, वर झाकण.

पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बऱ्याच जणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. त्याआधी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, त्यात बाबा आढाव होते. पुढे 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदारचं काम 'स्वच्छ'कडे आलं. आमच्या ताईंनी लग्नानंतर सासूबरोबर रस्त्यावरच्या कुंड्यांतून कागद वेचलेला आहे, आता त्यांच्याकडे ओळखपत्र आहे. घरटी मिळणारे महिन्याचे पैसे आणि सुका कचरा निवडून विकल्याचे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. हे समजल्यापासून माझ्या घरातल्या पुठ्ठ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. तो कोरडा राहिला तर विकला जातो, त्यावर चकलीचं तेल सांडलं की गेला.

दिवाळीत नेमकं हेच होतं. मिठाईच्या खोक्यात उरलेला बर्फीचा चुरा, त्यावर नारळाचं पाणी, त्यावर वर्तमानपत्र, सगळं एका काळ्या पिशवीत. वर्षातला सर्वांत जास्त विकाऊ माल याच चार दिवसांत घरात येतो, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके, उटण्याची आणि मोती साबणाची वेष्टनं, सरबताच्या बाटल्या, आणि याच चार दिवसांत आपण तो नासवतो. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून दसऱ्यानंतर घराची आवराआवर निघाली की मी पलंगाखाली जागा करते. रद्दी आणि भंगार तेव्हाच ताईंना देऊन टाकते. जुने चार्जर, रिमोट, संपलेले सेल, बंद पडलेली दिव्यांची माळ एका वेगळ्या खोक्यात, ई-कचरा गोळा करायची मोहीम असेल त्या दिवशी नेऊन द्यायला. सीएफएल दिवे आणि ट्यूब मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून निराळ्या, कारण त्यांत पारा असतो आणि फुटल्या तर ताईंच्याच नाकात जाणार. 2016 च्या घनकचऱ्याच्या सरकारी नियमांनी ओला आणि सुका यांच्यापलीकडे घरगुती घातक कचऱ्याचा भाग वेगळा करायला सांगितला, तो याचसाठी.

खरी कसोटी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपासून. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या त्या दिवसांत रोज पाच-सहा निघतात. पिशवी कापण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. वय एक्क्याऐंशी, पण हात अजून पक्का. कोपरा पूर्ण कापायचा नाही, तुकडा पिशवीला लटकत राहिला पाहिजे. तो नखाएवढा त्रिकोण सुटला की कुणालाच सापडत नाही, गटारात नाही तर मातीत जातो. मग पिशवी उलटी करून धुवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या दोरीला चिमट्याने अडकवायची. पाडव्याच्या सकाळी खिडकीबाहेर आकाशकंदील आणि आतल्या बाजूला ओळीने दुधाच्या पिशव्या, असं आमच्या घराचं चित्र असतं. यंदा नणंदेच्या सुनेने त्याचा फोटो काढला आणि आपल्या माहेरच्या ग्रुपवर टाकला.

ती तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन तीन दिवस राहायला आली होती. म्हणजे डायपर आले. ते मी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल स्केचपेनने मोठा ठिपका काढते. 'स्वच्छ'च्या बायकांनीच ही खूण रुजवली, न उघडता कळावं म्हणून. तिला मी सांगितलं तेव्हा ती आधी संकोचली, पाहुणी माणसं ना. दुसऱ्या दिवशी तिनेच पेन मागितलं.

ओला कचरा गच्चीवर खताच्या ड्रममध्ये जातो. त्यावर झेंडू सगळ्यांत जड. दसऱ्याची तोरणं, लक्ष्मीपूजनाचे हार, पाडव्याला दाराला आणखी एक तोरण. पहिल्या वर्षी मी सगळा झेंडू एकदम ओतला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा काळा, चिकट लगदा झाला आणि वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. आता आधी दोरा काढते. हाराचा दोरा बहुतेक वेळा नायलॉनचा असतो, तो खतात वर्षभर तसाच राहतो. पाकळ्या मोकळ्या करून वर्तमानपत्रावर एक दिवस पसरते, मग ड्रममध्ये मूठभर सुका पाला, मूठभर झेंडू, पुन्हा पाला, वर आंबट ताकाचा शिपका. पाला सोसायटीच्या झाडाखाली भरपूर पडतो, तो मी पावसाळा संपला की पोत्यात भरून ठेवते. सीताफळाच्या सालीही याच ड्रममध्ये, बिया मात्र लवकर कुजत नाहीत. उरलेलं गोड मी त्यात घालत नाही, मुंग्यांची रांग लागते. नारळाची करवंटी वेगळी.

तळणाच्या तेलाबद्दल सासूबाईंचा नियम जुना आहे. लहान कढई घ्यायची, तेल बेताचं घ्यायचं. चकल्या आणि शंकरपाळे झाल्यावर वाटीभर उरतं, ते गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवायचं. तळाचा काळा गाळ कागदाने पुसून घ्यायचा, मोरीत ओतायचा नाही.

फटाके आमच्याकडे आता थोडेच, पण सोसायटीच्या अंगणात लवंगी माळांचा लाल कागद पसरतोच. तो खतात चालत नाही, त्यात रसायनं असतात, आणि रद्दीतही चालत नाही. अंगण झाडून झाल्यावर मी तो रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते, कारण त्यात न फुटलेले लवंगी असतात. एकदा गेटजवळच्या ढिगातून धूर निघालेला आम्ही पाहिला आहे. मुलांच्या किल्ल्याचं काम मात्र सोपं. माती कुंड्यांमध्ये जाते, अळिवाची रोपं उपटून खतात, मावळे पुसून पुढच्या वर्षासाठी बुटांच्या खोक्यात. फुटक्या पणत्या कुंडीच्या तळाशी, पाणी निथळायला.

आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत. पाडव्याला सकाळी मी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं की ताई परवापर्यंत नाहीत, कचरा घरातच ठेवा, सुका कोरडा ठेवा, ओल्याला जागा नसेल तर गच्चीवरच्या ड्रममध्ये आणून द्या. नऊ घरांनी ऐकलं. दोघांनी रात्री गेटजवळ पिशव्या ठेवल्या, आणि भाऊबीजेच्या पहाटे कुत्र्यांनी त्या फाडून श्रीखंडाचे डबे रस्त्याच्या मध्यापर्यंत नेले. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू आणि मी खराटे घेऊन उतरलो. ओवाळायला भाऊ साडेअकराला येणार होता, तोवर झालं. ज्यांच्या पिशव्या होत्या त्यांना मी नंतर घरी जाऊन भेटले. भांडायला गेले नव्हते. "ताईंना परत आल्यावर हे उचलायला लागू नये एवढंच," म्हटलं. त्यांच्याकडे गच्चीच्या ड्रमची किल्ली नव्हती, हे तेव्हा कळलं. आता एक किल्ली जिन्याच्या खिळ्याला टांगली आहे.

चौथ्या दिवशी ताई आल्या. डोळे प्रवासाने तांबारलेले, हातात हिरव्या काचेचा नवा चुडा, आणि माझ्यासाठी शेंगाचटणीची कापडी पुरचुंडी. मी पलंगाखालून सगळं बाहेर काढलं. दोरीने बांधलेले खोके, चळत लावलेल्या दुधाच्या पिशव्या, बाटल्या, लाल ठिपक्यांची पुडकी वेगळ्या पिशवीत. त्यांनी खोक्यांची दोरी सोडली, एकेक वर-खाली करून पाहिला, आणि आतून चंदेरी असलेले मिठाईचे चार खोके बाजूला काढले.

"हे पुठ्ठ्यात घेत नाहीत, काकू. आतला कागद सुटत नाही."

"साधे कोणते चालतात?"

त्यांनी एक खोका फाडून दाखवला. कडेला पुठ्ठा उलगडला, पण चंदेरी पापुद्रा तसाच ताणून राहिला. मग दुसरा, करड्या रंगाचा, सरळ फाटला. "असा." मी चंदेरी खोक्यातली मिठाई ज्या दुकानातून येते तिथे पुढच्या वर्षी घरचा स्टीलचा डबा घेऊन जाणार आहे, तसं सासूबाईंना सांगितलंही.

ताईंनी सगळं गाडीत रचलं. मग वळून विचारलं, "अन् तारा?"

मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, एकदा खुळखुळवला.

"लोखंड आहे, भंगारात जाईल," म्हणाल्या, आणि झाकण लावून रिकामा डबा उद्या परत आणते असं सांगून शेजारच्या दाराची घंटी वाजवली.